बोलायचं ते चाड्याले

१

सोमवारी सकाळी मी चहा मांडला आणि सवयीनं दोन कप काढले. एक परत फळीवर ठेवला. मग घराशेजारची अवजारांची छपरी झाडायला गेलो.

छपरीचं दार नुसतं लोटलेलं असतं. त्याला कुलूप कधीच नव्हतं. आत पाऊल टाकलं आणि थांबलो. भिंतीवरची खुंटी रिकामी होती. मूळ चाडं खाली पडलं होतं, कुऱ्हाडीनं फोडून दोन तुकडे केलेलं. कुऱ्हाड छपरीतलीच होती. तिच्याशेजारी देवमन मिस्त्रीची लाकूड कोरायची पटाशी पडली होती.

चाडं म्हणजे तिफणीवरचा लाकडी वाडगा. पेरणारी बाई मुठीतून त्यात बी सोडते, ते तळाच्या तीन भोकांतून वेळूच्या नळ्यांत उतरतं आणि फणांनी जमिनीत पाडलेल्या तीन ओळींत, म्हणजे तासांत, पडतं. लाकडाचा एवढासा तुकडा, पण बी सारखं पडेल की नाही ते तोच ठरवतो.

आमचं चाडं कोणा एकाचं नव्हतं. पहिलं कोरलं चांदूर बाजारच्या खुशालरावानं. त्याच्यात वर्षानुवर्षं कोणी ना कोणी सुधारणा करत गेला. ज्याला हवं त्यानं अमरावतीला माझ्या छपरीत यावं, मूळ चाडं उतरवावं, त्याबरहुकूम आपलं करून घ्यावं आणि मूळ परत खुंटीला लावावं. काही बदल सुचला तर आपल्या चाड्यात करून आणावा. उन्हाळ्याच्या बैठकीत सगळ्यांना पटला की तो मूळ चाड्यात उतरायचा. अशी आमची अवजार मंडळी.

भांडणं होणारच. सुतार, लोहार, शेतकरी एकत्र बसले की गप्प कोण बसतो? म्हणून माझ्या बायकोनं, इंदूनं, दोन कायदे करून ठेवले होते. पहिला, बोलायचं ते चाड्याले, माणसाले नाही. दुसरा, ज्याला दुसऱ्याचं पटत नाही त्यानं आधी ते आपल्या हातानं करून पाहायचं, मग तोंड उघडायचं. कोणी घसरला की ती सुपारी कातरता कातरता म्हणायची, "कोणाले बोलून राहिले भाऊ? चाडं तं तिकडं हाय." सगळे हसायचे आणि भांडणारा चाड्याकडे तोंड वळवायचा.

मागच्या हिवाळ्यात इंदू गेली. १९६२ च्या उन्हाळ्यातली पहिली बैठक तिच्याशिवाय झाली आणि तिथंच सगळं बिघडलं.

मंडळीत नव्यानं आलेल्या देवमननं तिरप्या भोकांचं चाडं आणलं होतं. सरळ भोकांत शेणमातीत चोळलेली सरकी अडकते, तिरप्यात अडकणार नाही, असं त्याचं म्हणणं. दर्यापूरचा शेषराव उसळला. "कालचा आला अन् आमाले लाकूड शिकवून राह्यला? तुले काय अक्कल हाय रे लाकडाची?"

देवमन उठला. "एवढं जीवावर येते तं फोडून टाका ते चाडं!" असं म्हणून पटाशी तिथंच टाकून निघून गेला.

आणि आता चाडं फुटलं होतं. येत्या रविवारी बैठकीत देवमनच्या बदलाचा निकाल लागायचा होता.

बातमी कळताच खुशालराव चांदूर बाजारहून आला. त्याचा आवाज नेहमीसारखा मऊ. "जमादार, पोराचा राग हाय. पोलिसांत नका जाऊ. देवमनले प्रेमानं सांगू, बापा, आता येत नको जाऊ. अन् छपरीले एक कुलूप लावून टाकू."

मी अकोल्याच्या कोतवालीत जमादार होतो. पुरावा समोर आयता मांडून ठेवलेला असला की माझं डोकं दुखतं.

"कुलूप लागणार नाही," मी म्हणालो. "अन् देवमनला कोणी काढणार नाही. रविवारी सगळ्यांनी यायचं, नेहमीसारखं घरच्या बायांना घेऊन. कोणी फोडलं ते तिथंच सांगतो."

खुशालराव हसला. "अन् नाही सापडला तं?"

"तर मंडळी मोडली असं समजा."

बोलून गेलो खरा. पण तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं.

२

देवमन सरकारी बांधकामावर मिस्त्री होता. त्याच्या घरी गेलो तेव्हा दारात त्याची बायको मैना उभी होती. तिनं मला आत या म्हटलं नाही.

"हात जोडून माफी मागाले बोलवाले आले का, भाऊ? तसं असंन तं इथूनच जा. हात जोडाचं आमी छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलं."

"माफीचं कोण बोललं? पाणी तरी देशील?"

तिनं पाणी आणलं. देवमन बाहेर आला. डोळे तांबारलेले.

"पटाशी तुझी आहे?" मी विचारलं.

"माहीच हाय. त्या दिवशी टाकून आलो. छपरी उघडी असते, कोणीबी उचलून कुठीबी ठेवंन."

"तू फोडा म्हणालास, ते सगळ्यांनी ऐकलं."

"म्हणलो. पण कोणाले म्हणलो? चाड्याले म्हणलो. शेषरावनं जे म्हणलं ते मले म्हणलं. मंग सांगा जमादारभाऊ, वहिनीचा कायदा कोणं मोडला?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. इंदू असती तर त्या दिवशी तिनं शेषरावला तिथंच थांबवलं असतं. मी सुपारीसुद्धा कातरली नाही.

"रविवारी येशील?"

"येईन. सफाई द्याले नाही. माहं चाडं दाखवाले येईन."

मैना आतून बोलली, "अन् मी बी येईन. पाहू दे मले, कोण कोणाले काढते ते."

निघताना मी देवमनच्या हाताकडे पाहिलं. त्यानं तिरप्या भोकांचं चाडं मांडीवर घेतलं होतं आणि भोकाच्या तोंडावरून अंगठा फिरवत होता. आपल्या कामाचा निकाल चार दिवसांवर आलेला माणूस आधी जाऊन चाडं कशाला फोडील? ज्या चाड्यात आपला बदल उतरायचा, तेच? हे काही जुळत नव्हतं.

मग उरला शेषराव. मी दर्यापूरची बस धरली.

३

"काहून आले जमादार? बेड्या आणल्या का?" शेषराव ओट्यावरूनच ओरडला. तो कुजबुजला तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जातं.

त्याची बायको जाईबाई म्हणाली, "आधी चहा घ्या, भाऊ, मंग न्या यायले. चार दिवस तरी घर शांत राहीन."

"पाहा! घरचीच गवाही फिरली!"

चहा झाला. मी विचारलं, "शेषराव, देवमनला तुम्ही माणूस म्हणून बोललात. चाड्याला नाही."

त्यानं कप खाली ठेवला. शेषरावचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"जिभेले हाड नाही माह्या," तो म्हणाला. "पण चाड्यावर म्या कुऱ्हाड नाही घातली. विठ्ठलाची आण."

"मग कोपऱ्यात टोपल्याखाली काय झाकलंय?"

मी आलो तेव्हा जाईबाईनं पायानं टोपलं सरकवून काहीतरी झाकलं होतं. पोलिसाची नजर निवृत्त होत नाही. शेषराव लालबुंद झाला. मी उठलो आणि टोपलं उचललं.

खाली एक चाडं होतं. नवं, ओबडधोबड, शेषरावच्या हातचं. त्याला तिरपी भोकं होती.

"करून पाह्यलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "कायदा हाय ना. विरोध कराचा तं आधी करा. अंगणात सरकी टाकून पाह्यली हिच्या हातून."

"मग?"

"मंग काय! साली अडकतच नाही!" तो पुन्हा ओरडला. "रविवारी सगळ्यांसमोर सांगणार होतो. आता इथी तुमी येऊन सगळी मजा घालवली."

जाईबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

परतीच्या बसमध्ये मी विचार करत होतो. तोंडानं शिव्या देणारा हा माणूस आठवडाभर देवमनचं चाडं कोरत बसला होता. ज्याला आपला विरोध मागे घ्यायचा आहे, त्याला चाडं फोडून काय मिळणार?

म्हणजे दोघंही संशयातून सुटले. ज्याच्यावर कोणाचाच संशय नव्हता, तो तेवढा राहिला.

४

खुशालरावचं घर चांदूर बाजारात पेठेच्या मागे. मी गेलो तेव्हा तो अकोल्याला गेला होता.

"कारखानदाराकडे," त्याची बायको माणिकबाई म्हणाली. "लोखंडी अवजारं बनवणारा हाय कोणी. काय काम ते मले नाही सांगत."

ती ओट्यावर बसून एका नव्याकोऱ्या चाड्याला तेल चोळत होती. लाकूड अजून पांढरं होतं. तिच्या मनगटातले चांदीचे जाड गोट चाड्याच्या काठावर टणटण वाजत होते.

"नवं केलं का, माणिकबाई?"

"केलं म्हणजे, करावं लागलं. जुनं यायनं पोरीच्या घरी देलं, चांदूर रेल्वेले. जुन्याले माहा हात बसला होता, भाऊजी. नवं चाडं म्हणजे नवी सासू. वळण लागेपर्यंत हात सोलते."

तेवढ्यात खुशालराव आला. मला पाहून क्षणभर थबकला, मग हसला. "अरे वा, जमादार! बसा ना."

"देवमनचं चाडं करून पाहिलं का, खुशालराव?"

"पोरगं हुशार हाय. लई चांगलं केलं त्यानं."

"करून पाहिलं का?"

"आता या वयात कुठं... पण मी कधी त्याले वाकडं बोललो का? विचारा कोणालेबी. शेषरावसारखं नाही आपलं."

खरंच होतं. खुशालराव कधी कोणाला वाकडं बोलला नव्हता. कोणाच्याही बदलाला तो बैठकीत "छान" म्हणायचा आणि नंतर एकेकाला बाजूला घेऊन हळूच सांगायचा, "पोराचा खेळ हाय, टिकणार नाही." मला आता एकेक आठवू लागलं. इतक्या वर्षांत त्यानं दुसऱ्याचं एकही चाडं करून पाहिलं नव्हतं.

पण गोड बोलणं हा गुन्हा नाही. हात हलवत अमरावतीला परतलो.

५

शनिवारी दुपारी मी ते तुकडे पहिल्यांदा हातात घेतले. इतके दिवस हात धजत नव्हता. दर पेरणीला पहिली तासं याच चाड्यानं पडायची, कारण चाडं भिंतीवर पुजायला नाही, असं इंदूचं म्हणणं. आणि बी सोडायची ती स्वतः इंदू.

दोन्ही तुकडे जुळवून सुतळीनं घट्ट बांधले आणि तिफणीवर बसवले. मधलं भोक पुढं, बैलांच्या बाजूला. मग इंदू चालायची तसा तिफणीच्या मागे उभा राहिलो आणि तिच्यासारखा हात चाड्यावर टेकवला.

हात टेकेना.

इंदू डावखुरी होती. डाव्या हातानं बी सोडते म्हणून बाया नाकं मुरडायच्या. "डाव्या हातानं पेरलेलं उगवते का कुठी?" ती म्हणायची, "धरतीले विचारा." आणि उगवायचं. पेरताना मनगट काठावर टेकतं. वर्षानुवर्षं टेकून मूळ चाड्याच्या डाव्या काठाला खोलगट वळण पडलेलं. ते मी पाहिलं होतं कारण मी कधी बैलांबरोबर चाललोच नाही. पोलिसाला बैल हाकता येत नाहीत. मी बियाण्याची टोपली घेऊन तिच्या मागे चालायचो.

या चाड्याचा डावा काठ सरळ होता. खोलगट वळण उजव्या काठाला होतं. आणि त्या वळणाच्या बाहेर लाकडात एक बारीक खाच पडलेली, काहीतरी टणक घासून घासून पडते तशी.

मी तिफणीशेजारी खाली बसलो. दोन्ही काठांवरून पुन्हा बोट फिरवलं.

हे मूळ चाडं नव्हतंच. इंदूचं चाडं कुठंतरी धडधाकट होतं.

६

रविवारी छपरी भरली. खुशालराव खांद्याला पिशवी अडकवून आला होता. बैठकीनंतर परस्पर अकोल्याला जायचं आहे म्हणाला. मागे माणिकबाई होती. शेषराव आणि जाईबाई एका बाजूला, देवमन आणि मैना दुसऱ्या बाजूला.

"आधी देवमनचा निकाल लावा," मागून कोणीतरी म्हणालं. "त्याचीच पटाशी होती."

मैना ताठ उभी राहिली. "लावा ना. आमी काय पळून गेलो का?"

मी सुतळीनं बांधलेलं चाडं तिफणीवर बसवलेलंच ठेवलं होतं. म्हणालो, "माझं एक काम करा. बायांनी एकेक करून तिफणीच्या मागे यावं आणि पेरताना ठेवता तसा हात काठावर ठेवावा."

"हे काय नवं?" खुशालराव हसून म्हणाला. "हात पाहून भविष्य सांगता का, जमादार?"

"भूतकाळ सांगतो."

मैनानं हात ठेवला. तिचा हात वळणाच्या अलीकडेच राहिला. जाईबाईनं ठेवला. तिचं मनगट भरलेलं, वळणात मावलं नाही. मग माणिकबाई पुढे आली. तिनं सवयीनं मनगट टेकवलं आणि ते वळणात जाऊन बसलं, पाय जुन्या वहाणेत बसावा तसं. गोट अलगद त्या खाचेत उतरला.

तिनं हात उचलला नाही. मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"हे माहं चाडं हाय," ती म्हणाली. "तुमी तं म्हणले, पोरीले देलं."

सगळे खुशालरावकडे वळले.

मी म्हणालो, "ज्याला मूळ चाडं बिघडवायचं असतं, त्यानं मूळच फोडलं असतं. ज्यानं घरचं जुनं फोडून मूळ वाचवलं, त्याचा मूळ चाड्यावर जीव आहे. देवमनला ते बदलायचं होतं. शेषरावला देवमनचं पटलं होतं, त्याच्या घरी तिरप्या भोकांचं चाडं मी पाहिलंय. ते जसंच्या तसं राहावं असं एकाच माणसाला वाटत होतं. आणि आज निकाल लागला की त्यात पटाशी जाणार होती. खुशालराव, बाया मागे चालतात आणि आपण पुढं बैल पाहतो. चाडं घासलंय एवढंच तुम्हाला दिसलं. कोणाच्या हातानं घासलंय, हे पाहायचं तुम्हाला कधी सुचलं नाही. पिशवी उघडा."

त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग ती उघडली. इंदूचं चाडं फडक्यात गुंडाळलेलं होतं.

"म्या कोरलं ते!" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माह्या हातचं पहिलं चाडं. दरसाल कोणी ना कोणी त्यात सुरी घालते, अन् मी छान म्हणतो. कोणाले आठवते का माहं नाव? अकोल्याचा तो कारखानदार लोखंडात ओतून देणार होता. वरती नाव टाकून. एकदा ओतलं की कोणी हात लावू शकत नाही."

"अन् बदनाम कोण होणार होता? मी!" देवमन म्हणाला.

शेषराव बाह्या सारत पुढे आला. "थांबा, याले मी पाहतो. अरे हरामखोरा, पांढऱ्या केसांच्या..."

"शेषराव!" मी ओरडलो. जवळच इंदूचा अडकित्ता होता. तो उचलून मी तिफणीवर आपटला. "कोणाले बोलून राहिले? चाडं तं तिकडं हाय!"

माझ्या तोंडून वऱ्हाडी निघालं, इंदूचं. शेषराव जागच्या जागी थांबला. दात ओठ खात तो चाड्याकडे वळला आणि त्या लाकडाला जे काही बोलला ते इथं लिहिता येणार नाही. जाईबाईनं कानावर हात ठेवले. मैनाला हसू आवरेना.

मग खुशालरावला म्हणालो, "तुम्हाला कोणी काढत नाही. तुमचं म्हणणं मनात ठेवून गोड हसत बसलात, ते चुकलं. तिरपी भोकं नको असतील तर ओरडून सांगा, दिवसभर ऐकतो. पण कायदा माहीत आहे ना? आधी करून पाहायचं. आपल्या हातानं."

मी त्याच्यापुढे मूळ चाडं ठेवलं. देवमननं आपली पटाशी उचलली आणि खुशालरावच्या हातात दिली.

"भोकाले उतार द्या," देवमन म्हणाला. "पण डाव्या काठाले हात नका लावू. तो वहिनीचा हाय."

खुशालरावनं अंगठ्यानं पटाशीची धार पाहिली. मग मांडी घालून बसला. पहिली ढलपी निघाली. माणिकबाई त्याच्याजवळ जाऊन बसली. सुतळी बांधलेलं आपलं चाडं तिनं मांडीवर घेतलं होतं.

मागून कोणी म्हणालं, "जमादार, आता तरी कुलूप लावा."

"नाही."

त्या वर्षी पेरणीला मूळ चाडं माझ्याच वावरात आधी चाललं. मैनानं पदर खोचला, मुठीत सरकी घेतली आणि उजवा हात काठावर टेकवला. बसेना. तिनं चाड्याकडे पाहिलं, मूठ बदलली आणि डावं मनगट त्या वळणात ठेवलं.

धुऱ्याच्या बांधावरून एक म्हातारी ओरडली, "अवं, डाव्या हातानं पेरते का कोणी?"

मैनानं मान वर केली नाही. "धरतीले विचारा, आजी," ती म्हणाली आणि शेषरावनं बैल हाकले.

मी बियाण्याची टोपली उचलली आणि तिच्या मागे चालू लागलो.